स्फटिक बोलला आणि गोष्ट थांबली

ताई,

मी बारावी सायन्सला आहे, सिडकोत राहते. दिवाळीच्या सुट्टीपासून एक कादंबरी लिहितेय. साल २१९०. नाशिकची चार मुलं एका मोहिमेतून ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याच्या एका ग्रहावर उतरतात आणि तिथं त्यांना परग्रहवासीयांचं ओसाड शहर सापडतं. पहिली पाच प्रकरणं धडाधड झाली. सहाव्यात मुलं शहरात शिरली. सातव्यात त्यांना निळा स्फटिक सापडला, तो बोलायला लागला आणि त्यानं शहराचा सगळा इतिहास सांगून टाकला. तेव्हापासून एक ओळ लिहून झालेली नाही. मैत्रीण म्हणते, मागं एखादा राक्षसी प्राणी सोड. दादा म्हणतो, मुक्ता आणि तन्वीर ही नावं परग्रहावर शोभत नाहीत, झारा आणि रायन कर. आई म्हणते, आधी बोर्डाची परीक्षा. मी कोणाचं ऐकू? सातही प्रकरणं सोबत पाठवतेय. नाव छापू नका, आईला कळेल.

– म., सिडको, नाशिक

प्रिय म.,

सातही प्रकरणं वाचली. राक्षस सोडू नकोस, नावं बदलू नकोस, आणि आईचं काय ते शेवटी बघू. आधी तो स्फटिक.

तो सलग सहा पानं बोलतो. शुद्ध मराठीत, स्वल्पविरामांसकट. युगानुयुगं मुक्या पडलेल्या शहरात पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज येतो आणि तो इतिहासाच्या गाइडसारखा येतो: स्थापना, भरभराट, ऱ्हास, कारणे. तुझं लिखाण अडलं ते प्रतिभा आटली म्हणून नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून अडलं. मुलं एवढ्या लांब जिवावर उदार होऊन गेली आणि शोधायचं काम दुसऱ्याच कुणीतरी उरकून टाकलं. आता मागं राक्षस लावलास तर ती पळतील, दमतील, आणि पुन्हा तुझ्यापुढं हाच प्रश्न येईल.

तुला लिहिता येतं, याचा पुरावा तिसऱ्या प्रकरणात आहे. तन्वीर ऑक्सिजनचा काटा चुकीचा वाचतो, चूक त्याच्या लक्षात येते आणि तो गप्प बसतो. ते पान वाचताना माझा चहा गार झाला. एक मुलगा एका खुणेकडं बघतो, चुकतो, आणि त्या चुकीची किंमत चौघांना मोजावी लागणार हे वाचणाऱ्याला त्याच्याआधी कळतं. अख्ख्या शहराबाबत तुला हेच करायचंय. त्यासाठी त्या शहरात कोण राहत होतं, त्यांचं पोट कशावर चालायचं आणि भांडण कशावरून व्हायचं, हे आधी तुला माहीत हवं. मुलांना त्यातलं थोडंसंच सापडू दे, तेही उलटसुलट क्रमानं.

सिडकोत राहतेस म्हणजे पांडवलेणी तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. शाळेच्या सहलीत जाऊन आली असशीलच: पायथ्याशी फाळके स्मारकात डबा, मग धापा टाकत वर, दोन फोटो, खाली. आता एकदा एकटी किंवा दादाला घेऊन जा आणि थेट दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उभी राहा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं हे लेणं कोरवून भिक्षूंना दिलं आणि भिंतीवर ब्राह्मीत लेख खोदून ठेवले. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. एवढ्या कष्टानं दगडात कोरलेल्या मजकुरात काय असेल, सांग बरं? विश्वाचं रहस्य? देवांचे संदेश?

मुदत ठेव आहे गं. चक्क मुदत ठेव.

उषवदातानं ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटनांकडं, ठेवले. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आपलं गोवर्धन. एका श्रेणीकडं २०००, दरमहा शेकडा एक दरानं. दुसरीकडं १०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून, पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, द्यायचे. आता आकडेमोड कर. २००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशोब पैशाला पैसा जुळतो. मी सायन्सवाली नाही, तरी तिथं उभी राहून तोंडी हिशोब केला तेव्हा अंगावर काटा आला. समज, त्या लेखातले अर्धे शब्द कुणालाच कळले नसते. तरी हा गुणाकार जुळला असता तर आकडे आपण बरोबर वाचतोय हे सिद्ध झालं असतं. परग्रहावरच्या लिपीला शब्दकोश मिळणार नाही. गुणाकार मात्र तिथंही हाच असेल.

आता तीन नंबरच्या लेण्याकडं ये. ओसरीचा सगळा भार खांद्यावर पेलून धरणारे सहा गण दिसले की समज, पोचलीस. हे नहपानाच्या शत्रूघरचं लेणं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिनं नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, १९व्या राज्यवर्षात इथं मोठा लेख कोरवून घेतला आणि माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निखंदून काढला असं त्यात अभिमानानं नोंदवलं. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. एका डोंगरात दोन वैरी, दोघांचे भिक्षू तेच, आणि दोघांनाही त्याच संघाला दान देऊन पुण्य मिळवायचंय.

याच लेण्यात गौतमीपुत्राच्या दोन आज्ञाही आहेत, आणि त्या मला त्या अभिमानाच्या लेखापेक्षा जास्त आवडतात. पहिली त्याच्या १८व्या वर्षातली: पूर्वी उषवदाताकडं असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत भिक्षूंना दिलं. दुसरी २४व्या वर्षातली: ते शेत कसलं जात नाही, त्या गावात वस्तीच नाही, सबब नगराच्या शिवेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत. म्हणजे मधली सहा वर्षं भिक्षूंच्या हातात सातबारा होता आणि जमीन पडीक. कुणीतरी खेटे घातले असणार, कुणीतरी टोलवाटोलवी केली असणार. ते सगळं दगडावर नाही. दोन आज्ञांच्या मधल्या जागेत आहे, आणि तुझी कादंबरी अशाच एखाद्या मधल्या जागेत आहे.

शब्दच नसतील तर? तर जोगलटेंभी. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा वरून मारलेला. नव्या ठशाखालून जुन्या राजाच्या चेहऱ्याच्या रेषा डोकावतात. एक अक्षर वाचता आलं नाही तरी कोण आधी, कोण नंतर आणि कोण जिंकलं ते कळतं. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं संग्रहालयही आहे. परीक्षेनंतर जाऊन ये. एकावर एक मारलेला ठसा प्रत्यक्ष पाहिलास तर तुझ्या शहरातल्या दारांवर, भांड्यांवर, भिंतींवर काय लिहायचं ते आपोआप सुचेल.

आता तुझी मुलं. ती आधी चुकली पाहिजेत. आपणही चुकलोच की. लिपी वाचणारं कुणी उरलं नाही म्हणून शेकडो वर्षं लोक ही लेणी पांडवांच्या नावावर खपवत आले. मग १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली. कलकत्त्याच्या टांकसाळीतला माणूस. सांचीच्या कठड्यांवरचे तुटक तुटक लेख बघताना त्याच्या लक्षात आलं की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतायत. कठड्याचा एकेक दगड वेगवेगळ्या माणसांनी दिला असेल, तर शेवटचा शब्द ‘दानं’ असणार, असा त्यानं अंदाज बांधला. द आणि न सापडले, मग बाकीची अक्षरं एकेक करून हाती आली. यात कुठला यंत्रमानव नाही, स्फटिक नाही. एक माणूस पुन्हा पुन्हा येणाऱ्या खुणेकडं टक लावून बसला. मुक्ताला हेच करू दे. ती तशी आहेही, पहिल्या प्रकरणात बसच्या तिकिटांवरचे आकडे जोडत बसते, तू विसरलीस वाटतं.

एक युक्ती देते, आवडली तर वापर. पाचव्या प्रकरणात मुक्ता शहराच्या वेशीवरच्या कोनाड्यातून एक चकती उचलून खिशात टाकते. आठवण म्हणून. पुढं तू त्या चकतीचं नावही घेतलेलं नाहीस. माझ्या मते अख्ख्या हस्तलिखितातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच. समज, आत एका भिंतीवर मुलांना खुणांची रांग सापडते. मुक्ता म्हणते हे आकडे आहेत, हा हिशोब आहे, आणि वेशीवरच्या चकत्या म्हणजे त्या हिशोबाची जमा रक्कम. भिंतीवरच्या वाचनाप्रमाणे चकत्या २४० हव्यात. मुलं वेशीवर जाऊन मोजतात. २३९. पुन्हा मोजतात, २३९. तन्वीर म्हणतो, तुझं वाचन चुकलं. बाकीच्यांनाही पटतं, कारण एकानं चुकणारा गुणाकार हा चुकलेलाच गुणाकार. बरोबर वाचन टाकून देऊन ती भलत्याच दिशेनं निघतात, जिथं जायला नको तिथं उतरतात, आणि कुणाला तरी गंभीर इजा होते. चकती मुक्ताच्या खिशात आहे हे वाचकाला माहीत आहे, तिला आठवत नाही. ती कधी आठवायची ते तू ठरव, पण लवकर नको. बघ, कुणीही पाठलाग करत नसताना पान उलटावंसं वाटतं की नाही.

पुरातत्त्वाचं काम करणारी माणसं हेच कानीकपाळी ओरडून सांगत असतात: वस्तू कुठं पडली होती, कशाशेजारी होती, यात अर्धी माहिती असते. उचललीत की ती गेली. जाता जाता, लेण्यात गेलीस तर अक्षरांना हात लावू नकोस आणि ती उठून दिसावीत म्हणून खडू तर अजिबात घासू नकोस. टॉर्च घे आणि भिंतीला जवळपास चिकटवून तिरपा उजेड टाक. समोरून सपाट दिसणारा दगड एकदम अक्षरांनी भरून येतो, काना-मात्रेचे फराटेसुद्धा दिसतात.

या तिरप्या उजेडावरून तुझ्या ग्रहाकडं येते, कारण तिथं तू एक घोळ घातला आहेस. सहाव्या प्रकरणात सूर्य मावळतो आणि मुलं तंबू ठोकतात. ट्रॅपिस्ट-१ हा लहानसा, थंड, तांबडा तारा आहे, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. त्याचे सात ग्रह आहेत हे २०१७ मध्ये जाहीर झालं. सातही ताऱ्याला इतके चिकटून फिरतात की ती सगळी मंडळी आपल्या बुधाच्या कक्षेत मावतील. तू निवडलेला चौथा ग्रह जेमतेम सहा दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. इतक्या जवळचा ग्रह बहुधा आपल्या चंद्रासारखा अडकलेला असतो, एकच बाजू कायम ताऱ्याकडं. म्हणजे सूर्य मावळणारच नाही. एका बाजूला सतत दिवस, दुसऱ्या बाजूला सतत रात्र, आणि मधल्या पट्ट्यात न संपणारी संध्याकाळ. तुझं शहर त्या पट्ट्यात ठेव. उजेड कायम तिरपा, म्हणजे कोरलेली प्रत्येक रेघ सावलीसकट कायम दिसणार. मुलांना किती वेळ गेला याचा अंदाज लागणार नाही, झोपेचं तंत्र बिघडेल, चिडचिड वाढेल. आणि आभाळात शेजारचे ग्रह आपल्या चंद्राएवढे किंवा त्याहून मोठे दिसत सरकत राहतील. एवढं फुकट मिळत असताना सूर्यास्त कशाला?

असे तारे मधूनच भडकतात, घातक किरणं फेकतात. तिथले लोक शहाणे असतील तर काचेचे मनोरे बांधणार नाहीत, डोंगरात कोरून राहतील. मनोऱ्यांची चार पानं सुंदर उतरली आहेत, मला मान्य आहे. काप.

आणि मुक्ता रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करते, त्याचं काय? प्रकाशालाच तिथून इथं यायला ४० वर्षं लागतात. यान तिथं पोचलं कसं यासाठी तू अवकाशातलं एक दार कल्पिलंस, ते चालेल, विज्ञानकथेला एक थाप माफ असते. पण मुलं पलीकडं गेल्यावर ते दार मिटू दे. मुक्ता जेवणखाण, तब्येत, भांडणं सगळं आईला सांगत राहील, रोज, आणि तो आवाज सिडकोत पोचेल तेव्हा आई ऐंशीच्या पुढं असेल. हे कुठंही समजावून सांगू नकोस. मुक्ताला बोलू दे.

शहर किती जुनं हे मुलांना कसं कळावं, असा प्रश्न तू समासात पेन्सिलीनं लिहिला आहेस. याचं उत्तर माणसांनीच एकदा देऊन ठेवलंय. १९७७ मध्ये सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. तिच्या आवरणावर शुद्ध युरेनियम-२३८ चा छोटासा थर आहे. त्यातलं निम्मं युरेनियम दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलायला साधारण साडेचार अब्ज वर्षं लागतात. ज्याला ती सापडेल त्यानं किती उरलं ते मोजायचं आणि यान कधी निघालं ते काढायचं. तुझ्या लोकांनीही वेशीवर असं काही ठेवलं असेल तर मुलांना वय काढता येईल. तू फिजिक्स-केमिस्ट्रीवाली आहेस, अर्धायुष्याची गणितं तुला माझ्यापेक्षा चांगली येतात. निदान या फेब्रुवारीपर्यंत तरी येत असावीत.

त्याच तबकडीवर पृथ्वीवरच्या ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे. व्हॉयेजर-१ २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्रातून बाहेर पडलं. म्हणजे मराठी तिकडं कधीच पोचली, हे दादाला सांग. मुक्ता मुक्ताच राहू दे, तन्वीर तन्वीरच. नावांपेक्षा मला त्यांच्या बोलण्याची काळजी वाटते. दुसऱ्या प्रकरणात तन्वीर म्हणतो, “चला मित्रांनो, आपण या रहस्याचा छडा लावूया!” तुझ्या कॉलेजच्या कँटीनमध्ये असं बोलणाऱ्या मुलाला कुणी सोबत वडापाव तरी खाऊ देईल का? परग्रहावरही ती मुलं एकमेकांना अरे-कारेच करतील, एकमेकांची टर उडवतील, घाबरली की जास्तच.

राहिली आई. परीक्षेपर्यंत प्रकरणं लिहू नकोस, एवढं तिचं ऐक. एक वेगळी वही कर आणि रविवारी तासभर त्या शहरातल्या माणसांबद्दल लिही. ती काय खायची, कर्ज कुणाकडून काढायची, कोणाच्या दाराचा ठसा कोणी पुसला. त्या वहीतलं एक वाक्यही जसंच्या तसं कादंबरीत जाणार नाही, पण ती भरली की स्फटिकाची गरज पडणार नाही. आणि नाव छापलेलं नाही हे खरं. पण सिडको, बारावी सायन्स, मुक्ता आणि तन्वीर एवढं वाचूनही आईला पत्ता लागणार नाही असं वाटत असेल, तर तू तिला ओळखतच नाहीस. हे सदर तिच्या हाती पडायच्या आत आपणहून सांगून टाक.

परीक्षेनंतर चकतीचं प्रकरण सुटं काढून त्याची कथा कर. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९७४ साली जयंत नारळीकरांनी याच स्पर्धेला नाव बदलून कथा पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तुला नाव लपवायची गरज नाही. नियम, शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख त्यांच्या पत्रकात नीट बघ, आणि पाठवताना पानांवर क्रमांक टाक. तुझ्या हस्तलिखितात पाचव्या प्रकरणानंतर ते गायब आहेत आणि सहावं मी आधी उलट्या क्रमानं वाचलं.

– तुझी ताई